गोळीतलं कॅल्शियम आणि गाठीशेजारचं कॅल्शियम

प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या मंडळींचा फायब्रोब्लास्टवर, म्हणजे ऊतीत कोलॅजेनचं जाळं विणणाऱ्या पेशींवर, जुना राग आहे. ऑपरेशन थिएटरमधून गाठीचा तुकडा बर्फात ठेवून आणायचा, ब्लेडने बारीक चिरायचा, पेशी सुट्या करणारं कोलॅजिनेज हे एन्झाइम टाकून इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा, पेशींचं पोषक द्रावण (मीडिया) बदलत वाट बघायची. एवढं करून कॅन्सरच्या ज्या पेशी हव्यात त्या रुसून बसतात आणि हे लांबुडके, चपटे फायब्रोब्लास्ट बघता बघता डिश व्यापून टाकतात. "परत फायब्रोच आले" हे वाक्य आमच्या कॉरिडॉरमध्ये सारखं कानावर पडायचं, आणि अशा डिश सरळ ब्लीचच्या बादलीत जायच्या. आता त्याच डिश जपून माझ्याकडे येतात आणि त्यांच्यासाठी रात्रीचे स्लॉट आधीच भरलेले असतात.

मी मायक्रोस्कोप सांभाळतो. पुण्यातल्या एका संस्थेत कन्फोकलची, म्हणजे लेझरने पेशींची चित्रं घेणाऱ्या मायक्रोस्कोपची, खोली माझ्या ताब्यात आहे. लेझर, ऑब्जेक्टिव्ह, बुकिंगचं रजिस्टर आणि तेलाचे डाग न पुसता निघून जाणारे विद्यार्थी, सगळं माझ्याकडे. शिक्षण फिजिक्सचं, शिवाजी विद्यापीठातलं. बायोलॉजी शाळेतच सुटलं होतं. आज जे काही कळतं ते अंधाऱ्या खोलीत पीएचडीवाल्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या शंका आणि शिव्या दोन्ही ऐकून कळलेलं आहे. तेव्हा इथे डॉक्टरकीचा आव नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लिहायला बसलो ते वहिनींमुळे. त्या मिरजेला असतात. मागे त्यांचं स्तनाचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता रोज लेट्रोझोल चालू आहे आणि जोडीला कॅल्शियम आणि डी३ची गोळी. गणपतीला घरी गेलो होतो. मोदकांचं सारण परतता परतता म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडे त्या कॅन्सरमधल्या कॅल्शियमवरच काम चालतं ना? मग ही माझी गोळी बंद करू का? उगाच गाठीला खाऊ नको." शेजारी बसलेल्या मावशींनी लगेच दूध बंद करायचा सल्लाही देऊन टाकला.

वहिनींना तिथे थोडक्यात सांगितलं, इथे जरा सविस्तर सांगतो. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं जवळजवळ थांबवतं. गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाणारी असेल तर हे हवंच असतं, पण हाडांना इस्ट्रोजेनचा आधार असतो आणि तो गेला की हाडं विरळ व्हायला लागतात. गोळी त्यासाठी आहे. शरीरातलं जवळपास ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं प्रमाण पॅराथायरॉइड ग्रंथी आणि ड जीवनसत्त्व मिळून फार अरुंद मर्यादेत धरून ठेवतात. आपण एक गोळी घेतली किंवा कपभर दूध जास्त प्यालो म्हणून फायब्रोब्लास्टच्या आत कॅल्शियम जो निरोप पोचवतं तो बदलत नाही. तेव्हा गोळी बंद करायची असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, दिरांना विचारून नव्हे.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टात 'मायक्रोकॅल्सिफिकेशन' लिहून येतं, ते आणखी तिसरंच. क्ष-किरणात मिठाच्या कणांसारखे दिसणारे ते पांढरे ठिपके म्हणजे ऊतीत साचलेले कॅल्शियमचे क्षार. ते कॅल्शियम ऑक्झलेटचे असले तर बहुतेक वेळा चिंता करण्यासारखं काही नसतं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे असले तर ते साध्या गाठीतही दिसतात आणि कॅन्सरमध्येही, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्यांचा आकार आणि पसरण्याची ठेवण निरखून बघतो. हे ठिपके कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे होत नाहीत. आणि आमच्या खोलीत आम्ही बघतो त्या कॅल्शियमचा ना या ठिपक्यांशी थेट संबंध, ना गोळीशी.

आम्ही बघतो ते पेशीच्या आत मोकळं फिरणारं कॅल्शियम, आणि ते इतकं कमी असतं की फिजिक्सवाल्यालाही कौतुक वाटावं. पेशीच्या बाहेरच्या द्रवात ते साधारण १ ते २ मिलिमोलर असतं. पेशी शांत असताना आतल्या पेशीद्रवात सुमारे १०० नॅनोमोलर. म्हणजे आतबाहेर दहा हजार पटींहून जास्त फरक. तो टिकवण्यासाठी पेशीचे पंप अखंड चालू असतात, एटीपी हे पेशीचं इंधन जाळून कॅल्शियम बाहेर टाकत राहतात किंवा पेशीच्या आतल्याच एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या जाळीदार कोठारात भरत राहतात. एवढा खर्च कशासाठी? तर दरवाजा किंचित उघडला तरी आतलं प्रमाण क्षणात कित्येक पट वाढावं आणि ती वाढ पेशीला नीट ओळखता यावी, यासाठी. खडकवासल्यात किती टीएमसी पाणी आहे त्यावरून नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी लावायची की नाही ते ठरत नाही. आज किती वाजता आणि किती क्युसेक सोडणार त्यावर ठरतं. वहिनींचा प्रश्न साठ्याचा होता. पेशीचा सगळा कारभार सोडण्यावर चालतो.

स्तन हा अवयव तर कॅल्शियमच्या बाबतीत भलताच कामसू. बाळाला पाजणारी आई दुधातून रोज साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. ते सगळं दूध तयार करणाऱ्या पेशींमधून पलीकडे जातं, आणि त्या पेशींच्या आतलं प्रमाण मात्र हलू द्यायचं नसतं. २०१५ साली उंदरांवरच्या एका कामात दिसलं की ओराय-१ हे कॅल्शियमचं दार नसलेल्या माद्यांच्या दुधात कॅल्शियम निम्म्याहून कमी भरतं. शिवाय दूध बाहेर पडण्यातही त्या माद्यांची अडचण होती. दुधाच्या पिशव्यांभोवती आकुंचन पावणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन आलं की त्यांच्यात कॅल्शियम उसळतं, त्या आवळल्या जातात आणि पान्हा फुटतो. म्हणजे निरोगी स्तनातसुद्धा दूध बनवणारी पेशी एक आणि कॅल्शियमच्या इशाऱ्यावर तिला दाबणारी शेजारीण दुसरी. शेजारच्या पेशींना 'आधार देणाऱ्या' म्हणून बाजूला ठेवायची सवय कुठून पडली कोण जाणे.

आता फायब्रोब्लास्टकडे येतो. लातूरची एक मुलगी सध्या माझ्याकडे येते. तिच्याकडे एकाच बाईच्या स्तनातले दोन प्रकारचे फायब्रोब्लास्ट असतात: एक गाठीच्या अगदी लगतचे आणि दुसरे गाठीपासून लांबच्या, निरोगी दिसणाऱ्या भागातले. अर्थात बाईंच्या लेखी संमतीने आणि नावाऐवजी फक्त कोड नंबर घेऊन. काचेचा तळ असलेल्या छोट्या डिशमध्ये त्या पेशी. त्यांच्यावर फ्लुओ-४ नावाचा डाय टाकून अंधारात पाऊण तास ठेवायचं, धुवायचं, पुन्हा अर्धा तास थांबायचं. डाय आत शिरताना त्याच्यावर एक टोपी असते, ती पेशीतली एन्झाइम्स कापून काढतात, मग तो आतच अडकतो. कॅल्शियम येऊन चिकटलं की तो निळ्या लेझरखाली हिरवा पेटतो. खरं तर फ्युरा-२ हा रॉजर त्सीनच्या प्रयोगशाळेतला १९८५ सालचा डाय जास्त प्रामाणिक. त्याला ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा आलटून पालटून प्रकाश द्यायचा आणि दोन्हींचं गुणोत्तर काढायचं, म्हणजे पेशी जाड आहे का पातळ, डाय कमी भरला का जास्त, याचा फरक बराचसा निघून जातो. पण आमच्या कन्फोकलवर ते लेझर नाहीत, त्यामुळे फ्लुओ-४ आणि सुरुवातीच्या उजेडाशी तुलना.

पडद्यावर सुरुवातीला काळोखच असतो. नवीन मुलं घाबरून लेझर वाढवतात. मी हात धरतो, कारण जास्त लेझर मारला तर त्या माऱ्यानेच पेशी चमकायला लागतात आणि मग आपण आपलाच दिवा मोजत बसतो. डोळे सरावले की राखाडी पट्टे दिसतात, माशांच्या अंगासारखे निमुळते, एकमेकांना टोकांनी टेकलेले. मग एखादी पेशी आपोआप उजळते. कुणी काही टाकलेलं नसतं. एका टोकाकडून उजेड सुरू होतो, पेशीभर पळतो, विझतो. कधी कधी शेजारची पेशी थोड्या वेळाने तसंच करते, मग तिच्या पलीकडची. फायब्रोब्लास्ट एकमेकांना गॅप जंक्शन नावाच्या बारीक नळ्यांनी जोडलेले असतात, त्या वाटेने निरोप पुढे जातो. शिवाय उत्तेजित पेशी एटीपी बाहेर सोडते आणि तो शेजारणीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांना, जाऊन लागतो. एटीपी इंधन तर आहेच, पेशीबाहेर पडला की तोच निरोप होतो.

मग ती एटीपी टाकते. पिपेटचं टोक डिशच्या कडेला टेकवून, अगदी सावकाश. घाई केली तर नुसत्या प्रवाहाच्या धक्क्यानेच पेशी पेटतात. म्हणून आधी नुसतं बफर, म्हणजे एटीपी नसलेलं द्रावण, टाकून बघायचं, हा आमच्या खोलीचा नियम आहे, आणि तो मी दारावर लिहून लावलाय. नुसत्या बफरने काही पेशी चमकल्या की मुलांचं तोंड पडतं. माझ्या मते तिथे तोंड पाडण्यासारखं काही नाही. फायब्रोब्लास्टला स्पर्श कळतो, एवढंच ते दिसलेलं असतं. पेशीचं आवरण ताणलं की उघडणारं पिएझो-१ हे दार २०१० साली अर्देम पाटापूटियनच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि २०२१चं नोबेल त्याला त्यात मिळालं. त्या दारातून कॅल्शियम आत येतं.

एटीपी टाकल्यावर काही सेकंदांत अख्खा पडदा उजळतो. फिजिक्सवाल्याला एवढंच कळतं की आलेख वर गेला. पण बघण्यासारखं असतं ते नंतर. काही पेशी एकदाच उसळून मिनिटा-दोन मिनिटांत पूर्वपदाला येतात. काही खाली येतातच पण पुरत्या येत नाहीत, थोड्या वरच रेंगाळतात. आणि काही तालात उसळत राहतात, वर-खाली, वर-खाली. ही मुलगी प्रत्येक पेशीभोवती माऊसने रेघ ओढून प्रत्येकीचा वेगळा आलेख काढते. सरासरी घेतली तर तो ताल पूर्ण पुसला जातो, कारण कुणी दोघी एका वेळी उसळत नाहीत. "सर, आमच्या गाइड सरांना एकच बार ग्राफ हवाय," ती परवा वैतागून म्हणाली. गाइडना द्यायचा तो बार ग्राफ द्यावा, पण कच्चे आलेख जपून ठेवावेत, एवढा सल्ला मी दिला.

आतलं यंत्र असं चालतं. एटीपी पृष्ठभागावरच्या ग्राहीला लागतो, आत आयपी-३ नावाचा छोटा रेणू सुटतो, तो कोठाराची दारं उघडतो. आयपी-३ कोठारातलं कॅल्शियम सोडतो हे १९८३ साली कळलं, आणि त्या कामात मायकेल बेरिज आणि रॉबिन अर्व्हाइन ही नावं आहेत. कोठार रिकामं होऊ लागलं की मग? १९८६ साली जेम्स पटनीने मांडलं की कोठार रिकामं होणं हाच बाहेरचं दार उघडायचा इशारा असतो. विचार पटण्यासारखा होता, पण इशारा देतो कोण आणि दार कोणतं हे कळायला पुढे जवळजवळ वीस वर्षं गेली. २००५ साली स्टिम-१ सापडलं. ते कोठाराच्या भिंतीत बसून आतली पातळी मोजतं, आणि पातळी उतरली की जमून पेशीच्या बाह्य आवरणापाशी येतं. २००६ साली ओराय-१ सापडलं, तेच बाहेरचं दार. ते सापडलं जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या पेशींतून. त्या मुलांच्या टी-पेशींत, म्हणजे प्रतिकाराचं काम करणाऱ्या रक्तातल्या पेशींत, हे दार बिघडलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे तपासायची आमच्याकडची ठरलेली रीत म्हणजे थॅप्सिगार्जिन. कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये पेशी ठेवून ते टाकलं की कोठार भरणारा पंप बंद पडतो आणि कोठार हळूहळू गळतं. पडद्यावर छोटासा उंचवटा दिसतो. मग बाहेर कॅल्शियम परत टाकायचं. उघड्या दारांतून ते आत लोटतं आणि दुसरा, बहुधा मोठा डोंगर दिसतो. त्या डोंगराची उंची आणि चढ यावरून दारं किती आणि किती उघडी याचा अंदाज बांधतात. बफर 'कॅल्शियम नसलेलं' म्हणायचं खरं, पण त्यात ईजीटीए हे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन टाकावंच लागतं, कारण पाण्यातून आणि इतर क्षारांतून थोडं कॅल्शियम येतंच. सिडनी रिंगरची गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात छान धडधडत होतं, पुढे कळलं की द्रावण लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं. ऊर्ध्वपातित पाण्यात केलं तेव्हा हृदय मंदावलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते चालवत होतं, हे त्याने १८८३ साली छापलं.

गाठीशेजारच्या फायब्रोब्लास्टमध्ये हे का बघायचं, याचं उत्तर दोन जुन्या निरीक्षणांत आहे. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी चाळल्या. कॅन्सर शरीरात वाटेल तिथे पसरत नाही, ठरावीक अवयवांतच रुजतो, हे त्याला दिसलं आणि त्याने बी आणि जमीन अशी मांडणी केली: कॅन्सरची पेशी हे बी, ते जिथे रुजतं तो अवयव ही जमीन. त्यानंतर बहुतेक शंभर वर्षं सगळे बीच तपासत बसले. दुसरं निरीक्षण हॅरॉल्ड ड्वोराकचं, १९८६ सालचं: गाठ म्हणजे न भरणारी जखम. फायब्रोब्लास्टचं एरवीचं काम जखमेचंच. धावून यायचं, कोलॅजेन विणायचं, कडा ओढून जवळ आणायच्या, आणि काम झालं की शांत व्हायचं. गाठीत ते शांत होत नाहीत. तिथे पेशी सतत मरत असतात, फुटत असतात. निरोगी ऊतीत पेशींबाहेर एटीपी नगण्य असतो, गाठीत तो शेकडो मायक्रोमोलरपर्यंत जातो असं उंदरांवर मोजलेलं आहे. म्हणजे आमची मुलगी जो थेंब पिपेटने टाकते, तो गाठीत कायमचाच टाकलेला असतो.

२००५ साली एका प्रयोगात स्तनाच्या कॅन्सरमधले फायब्रोब्लास्ट आणि त्याच बाईच्या स्तनातले लांबचे फायब्रोब्लास्ट वेगवेगळे काढून कॅन्सरच्या पेशींबरोबर उंदरांत टाकले. गाठीतल्यांच्या सोबतीने गाठ जास्त वाढली, आणि त्याला कारण ते सोडत असलेलं एसडीएफ-१ हे प्रथिन. दोन डिशचा हा घाट तिथपासूनचा आहे. २०१८ साली पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधून स्तनाच्या कॅन्सरमधल्या फायब्रोब्लास्टचे चार प्रकार वेगळे करून दाखवले गेले. आता कुणी माझ्याकडे नुसते 'फायब्रोब्लास्ट' आणले की मी विचारतो, यातले कुठले? बहुतेकांना उत्तर देता येत नाही, पण प्रश्न ऐकून जरा सावध होतात.

कॅल्शियम इथे काय करतं? आकुंचनाला ते लागतंच. कोलॅजेनच्या जेलीत फायब्रोब्लास्ट मिसळून ठेवले तर एक-दोन दिवसांत ते जेलीची चकती ओढून लहान करून टाकतात, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरतं, त्यातून मायोसिन हे ओढणारं प्रथिन कामाला लागतं आणि ओढ बसते. दुसरी वाट केंद्रकाकडे जाते. कॅल्शियम टिकून राहिलं की कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होतं, ते एनफॅट नावाच्या प्रथिनावरचा फॉस्फेट काढतं आणि एनफॅट केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. किडनी बदललेल्या रुग्णांना टॅक्रोलिमस देतात, ते याच कॅल्सिन्युरिनला अडवतं. आणि ताल का महत्त्वाचा, ते १९९८ साली टी-पेशींवर दिसलं: कॅल्शियमच्या लहरी किती झपाट्याने येतात त्यावर कोणती जनुकं पेटतात ते ठरत होतं. म्हणून मी म्हणतो, बार ग्राफ द्या, पण आलेख टाकू नका.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र डिशच्या तळावरून होतात. निरोगी स्तनाची ऊती फार मऊ. २००५ सालच्या एका गाजलेल्या कामात उंदराच्या निरोगी स्तनग्रंथीचा कडकपणा साधारण १७० पास्कल आणि गाठीचा ४,००० पास्कलच्या आसपास मोजला गेला. हाताला गाठ लागते ती यामुळेच. बाईला आंघोळीच्या वेळी बोटांना जे जाणवतं ते फायब्रोब्लास्टनी विणलेल्या आणि ताणलेल्या कोलॅजेनचं बरंचसं काम असतं. आणि आपण पेशी वाढवतो कशावर? प्लास्टिकवर, ज्याचा कडकपणा गिगापास्कलमध्ये, किंवा काचेवर, जी त्याहून कडक. अशा तळावर सीरममध्ये थोडे दिवस काढले की निरोगी फायब्रोब्लास्टसुद्धा गाठीतल्यासारखे वागायला लागतात, त्यांच्यात जाड ताणतंतू दिसतात, अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिन हे आकुंचनाचं प्रथिन वाढतं. मग 'निरोगी' आणि 'गाठीतले' यांच्या आलेखांत फरक दिसला नाही म्हणून तो नाहीच, असं कसं म्हणणार?

उपाय आहे: काचेवर पॉलिअ‍ॅक्रिलमाइडची मऊ जेल ओतायची, वर कोलॅजेन लावायचं, त्यावर पेशी. ऐकायला सोपं आहे. माझ्या बाजूने सांगतो. साठपटीच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला जेमतेम काचेपलीकडे थोडंसंच बघता येतं; जेल त्याहून जाड झाली की पेशी फोकसमध्येच येत नाहीत. विसाच्या ऑब्जेक्टिव्हवर जा म्हटलं की मुलांना वाटतं आपल्याला डावललं. जेल पाणी पिऊन फुगते, त्यामुळे दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये अख्खं चित्र वर सरकतं. आणि खोलीचा एसी चालू-बंद झाला की फोकस परत हलतो. तरीही मी तर म्हणेन, मऊ तळावरचा एक चांगला आलेख प्लास्टिकवरच्या पन्नासांपेक्षा जवळ ठेवावा. गाइड लोकांना हे पटवणं माझ्या पगारात बसत नाही.

भारतात ऊतीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभी करणाऱ्या कमल रणदिवे पुण्याच्या. १९१७ साली इथेच जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काम, १९८२ साली पद्मभूषण. उंदरांमधला स्तनाचा कॅन्सर हा त्यांचा विषय. त्यात संप्रेरकं, आनुवंशिकता आणि आईच्या दुधातून पिल्लाकडे जाणारा विषाणू अशा सगळ्या बाजू त्या एकत्र बघत. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं. याचा विषयाशी संबंध विचाराल तर थोडाच आहे, पण राहवलं नाही.

आता नेहमी येणारा प्रश्न: दारं बंद करणारं औषध द्यायचं, झालं. २००९ साली दिसलं होतं की एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींतलं ओराय-१ किंवा स्टिम-१ कमी केलं तर त्यांची हालचाल आणि उंदरांतलं पसरणं कमी होतं. मग अडलं कुठे? वर म्हटलं ते आठवा, हेच दार टी-पेशींनाही लागतं, आणि गाठीवर चालून जाणाऱ्या त्याच पेशी आहेत. दार सरसकट बंद केलं तर चोराबरोबर पोलीसही अडकले. फायब्रोब्लास्टच काढून टाकू म्हणणाऱ्यांना तर धडा मिळालेला आहे, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये. २०१४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत गाठीभोवतीच्या या पेशी कमी केल्या आणि गाठी जास्त आक्रमक झाल्या. त्याआधी २०१२ साली अशाच धर्तीच्या एका औषधाची माणसांवरची चाचणी थांबवावी लागली होती, कारण औषध घेणाऱ्यांची अवस्था जास्त बिघडत होती. स्तनात असंच होईल असं नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर 'कॅन्सरचं कॅल्शियम बंद करणारं औषध' असं काही आलं तर मी आधी विचारतो: कुठल्या पेशीवर, कशाच्या तळावर, आणि टी-पेशींचं काय झालं?

आयनांच्या (कॅल्शियम, सोडियमसारख्या विद्युतभारित कणांच्या) दारांशी गाठीभोवती खेळून माणसांमध्ये काही हाती लागलंय का, तर लागलंय, आणि ते मुंबईतून आलंय. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या अकरा केंद्रांत १,६०० बायकांवर चाचणी झाली आणि २०२३ साली छापून आली. निम्म्या बायकांना ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या भोवती ०.५ टक्के लिडोकेनची सुई दिली. दंतवैद्य हिरडीत टोचतात तेच साधं, स्वस्त औषध. पाच वर्षांनी आजार परत न येता जगणाऱ्यांचं प्रमाण सुई दिलेल्यांत ८६.६ टक्के आणि न दिलेल्यांत ८२.६ टक्के, एकूण जगण्याचं ९०.१ विरुद्ध ८६.४. हात लागताना, ताण बसताना, कापताना गाठीतल्या आणि भोवतालच्या पेशी काहीतरी प्रतिसाद देतात आणि तो त्या घडीला अडवावा, असा त्यामागचा विचार. मला त्यातली वेळ फार आवडते. रोजची गोळी नाही, महिनोन्‌महिने उपचार नाही, नेमकी ती दहा मिनिटं.

लिडोकेन अडवतं सोडियमची दारं, कॅल्शियमची नव्हे. फायदा कुठल्या पेशींमुळे झाला, कॅन्सरच्या की शेजारच्या, हे त्या चाचणीत मोजलेलं नाही. ती जगण्याचा आकडा काढायला होती. सर्जनचं बोट लागतं तेव्हा गाठीशेजारच्या फायब्रोब्लास्टमध्ये कॅल्शियम उसळतं का, आणि लिडोकेन दिल्यावर ते कमी होतं का, हा प्रश्न आमच्या खोलीत बघता येण्यासारखा आहे. लातूरवालीने तिच्या गाइडसमोर तो मांडलाही आहे. त्यासाठी पेशी सुट्या करून चालणार नाही, गाठीची जिवंत चकती लागेल, काही तासांच्या आत आणि हात न लावता. ऑपरेशन थिएटरपासून आमच्या कन्फोकलपर्यंत संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमधून ती आणणार कोण आणि कशी, यावर सध्या बैठका चालू आहेत. तोवर मी तिच्या नावाने रात्रीचा एक स्लॉट मोकळा ठेवलाय, आणि बाकीच्यांनी त्यावरून माझ्याशी भांडू नये.